वाचकांचे प्रश्न : जुन्या मोटारीच्या दाराचे लॉक

प्रश्न : माझ्याकडे १९९८ सालची, केए-२२ क्रमांकाची मारुती ८०० आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती आणि खानापूर ते बेळगाव असा रोजचा प्रवास मी आजही तिच्यातूनच करतो. गेल्या पावसाळ्यापासून चालकाच्या बाजूचे दार बाहेरून उघडेनासे झाले आहे. हँडल उचलले तर ते अगदी हलके लागते, पलीकडे काही ओढले जात असल्याचे हाताला जाणवतच नाही. आतून मात्र दार व्यवस्थित उघडते, त्यामुळे मी डाव्या दाराने आत शिरून माझ्या जागेवर सरकतो. एका गॅरेजमध्ये ‘पूर्ण लॉक गेले आहे, ते आता मिळणार नाही, भंगारातून अख्खे दार आणून बसवा’ असा सल्ला मिळाला. शिवाय मागचे डावे दार एका वेळी लागत नाही, दोन-तीनदा आपटावे लागते. ही दुरुस्ती घरी करता येईल का? — एक वाचक, खानापूर

उत्तर : दुसरे दार शोधायला निघण्यापूर्वी एक मोकळी दुपार या दारासाठी राखून ठेवा, कारण तुमच्या वर्णनावरून त्याचे लॉक शाबूत असावे असे मला वाटते. आतले हँडल ओढल्यावर दार उघडते, म्हणजेच दाराच्या कडेला बसवलेल्या पोलादी यंत्रणेची पकड नीट सुटते आहे. अडचण आहे ती बाहेरच्या हँडलची ओढ त्या यंत्रणेपर्यंत पोहोचण्यात. हँडल हलके लागते, ही तुम्ही दिलेली खूण फार मोलाची आहे. यंत्रणा गंजून अडकली असती तर हँडल जड लागले असते. हलके हँडल म्हणजे बहुधा सुटलेली सळई, आणि सळई सुटते ती बहुतेक वेळा तिचे टोक धरून ठेवणारी प्लास्टिकची लहानशी क्लिप उन्हाने आणि वयाने कडक होऊन तडकल्यामुळे.

‘लॉक’ या एका शब्दाने निम्मा घोटाळा होतो, म्हणून आधी नावे पक्की करू. आपल्याकडे किल्ली घालायचा गोल भागही लॉक, दाराच्या कडेची यंत्रणाही लॉक आणि खिडकीलगतचे खाली दाबायचे बटणही लॉकच. सीमाभागात त्यात आणखी भर पडते, कारण इथल्या कन्नडमध्ये कुलपाला ‘कीली’ म्हणतात आणि किल्लीला ‘कीलीकै’, त्यामुळे दुकानात आपण किल्लीबद्दल विचारावे आणि समोर कुलूप यावे, असे सहज घडते. या उत्तरात किल्लीच्या भागाला बॅरल, पकड घेणाऱ्या यंत्रणेला लॅच आणि चौकटीवरच्या पक्क्या कडीला स्ट्रायकर म्हणतो. दुकानात जाताना मात्र नावावर विसंबू नये. जुना भाग काढून हातात घेऊनच जावे.

लॅचचे काम समजले की पुढचे बरेचसे सोपे होते. त्यात बेचकीसारखी एक फिरती चकती असते. दार लावताना स्ट्रायकर त्या बेचकीत शिरतो, चकतीला फिरवतो, आणि स्प्रिंगने दाबलेली एक लहान अडणी चकतीच्या खाचेत पडून तिला मागे फिरू देत नाही. अशा खाचा दोन असतात, म्हणून नीट लागणाऱ्या दाराच्या लॅचचे दोन ‘कट्ट’ लागोपाठ ऐकू येतात. पहिल्या खाचेवर दार अडकलेले असते पण पुरते लागलेले नसते. दुसऱ्या खाचेवर ते घट्ट बसते. आतले काय आणि बाहेरचे काय, दोन्ही हँडले एवढेच करतात की ती अडणी उचलतात. बटण खाली दाबले की मधली एक दांडी बाजूला सरकते आणि हँडलची ओढ अडणीपर्यंत पोहोचत नाही, म्हणून दार बंद राहते. दाराच्या पोकळीत दिसणाऱ्या सगळ्या सळया याच दोन कामांसाठी आहेत, एक तर अडणी उचलणे किंवा ती दांडी सरकवणे, हे लक्षात ठेवले की आतला पसारा पाहून गोंधळ उडत नाही.

आता दार खोलण्याविषयी. काच पूर्ण वर घ्या, म्हणजे पोकळीत हात घालायला जागा मिळते. हात टेकायच्या दांड्याचे स्क्रू आणि आतल्या हँडलभोवतीच्या चौकटीचा स्क्रू काढा. काच वर-खाली करायचे हँडल बहुधा स्क्रूने बसवलेले नसते. त्याच्या मुळाशी घोड्याच्या नालेसारखी एक स्प्रिंगची तार असते. जुन्या धोतराची किंवा साडीची पट्टी त्या हँडलच्या आणि अस्तराच्या फटीत घालून, दोन्ही टोके धरून, बूट पुसावा तशी मागे-पुढे ओढली की ती तार उसळून बाहेर येते. ती उडून हरवते, तेव्हा दुसऱ्या हाताने वर एक फडका धरावा. मग दाराचे अस्तर, म्हणजे आतला पुठ्ठा, कडेने रुंद चपट्या स्क्रू ड्रायव्हरने हळूहळू उचकटा, पण प्रत्येक वेळी क्लिपच्या अगदी जवळ टेकवून. मध्येच ताण दिला तर पंचवीस वर्षांचा पुठ्ठा क्लिपभोवती फाटतो आणि मग तो कधीच नीट बसत नाही. पुठ्ठ्यामागे काळ्या चिकट गोंदाने लावलेला प्लास्टिकचा कागद दिसेल. तो फाडू नका. खालचा भाग तसाच ठेवून वरून सावकाश सोडवा आणि बाजूला वळवा. पोकळीतील पत्र्याच्या कडा धारदार असतात, म्हणून जाड हातमोजे घालावेत.

आता घरातल्या कोणाला तरी बाहेरचे हँडल उचलायला सांगा आणि तुम्ही बॅटरीच्या उजेडात पोकळीत पाहा. हँडलच्या मागचा लहान दांडा हलताना दिसेल आणि त्याला जोडलेली सळई तशीच लोंबकळत असेल, किंवा सळई हलेल पण तिचे दुसरे टोक लॅचवरून निसटलेले असेल. तुटलेल्या क्लिपचे तुकडे दाराच्या तळाशी पडलेले सापडतात. ते जपून ठेवा. नवी क्लिप घेताना सळईची जाडी आणि दांड्याच्या छिद्राचा आकार, दोन्ही जुळले पाहिजेत, कारण सैल क्लिप महिनाभरात पुन्हा निसटते. बसवताना क्लिप आधी दांड्याच्या छिद्रात दाबावी, सळईचे वाकलेले टोक तिच्यात घालावे आणि मग क्लिपचा पंजा फिरवून सळईवर ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवावा.

क्लिपऐवजी तार गुंडाळून काम भागवण्याचा मोह होतो. मीही एकदा तसे केले होते. काही महिने दार उत्तम चालले, पण पुढे तारेचे टोक काचेच्या पट्टीत अडकले आणि दार आतूनही उघडेना, बाहेरूनही उघडेना; चोर्ला घाटात भर पावसात मुलांना पुढच्या सीटवरून बाहेर काढावे लागले. तेव्हापासून तारेने बांधलेली सळई ही घरी पोहोचण्यापुरतीच, असा माझा पक्का नियम आहे.

क्लिप धड निघाली तर हँडलच्या मागचा दांडा तुटला आहे का ते पाहा. जुन्या हँडलांचा हा भाग जस्ताच्या ओतकामाचा असतो, तो नेहमीच्या वेल्डिंगने जोडला जात नाही आणि चिकटवलेला भाग पहिल्या जोराच्या ओढीला सुटतो. तेव्हा हँडलच बदलावे. आतून दोन नट काढले की ते सुटते. भाग मिळण्याची चिंता मात्र करू नका. १९८३ च्या डिसेंबरात आलेली पहिली मारुती ८०० आणि १९८६ मध्ये बांधा बदललेली मारुती ८०० यांत फरक आहे, हे दुकानदाराला जरूर सांगा. पण तुमची गाडी त्या नंतरच्या बांध्याची आहे आणि ती २०१४ पर्यंत तयार होत होती, त्यामुळे तिचे सुटे भाग अजून बाजारात दिसतात.

मागच्या डाव्या दाराची गोष्ट निराळी आहे, आणि तुम्ही ती पत्राच्या शेवटी लिहिली असली तरी मला तीच अधिक काळजीची वाटते. बाहेरून न उघडणाऱ्या दाराने गैरसोय होते. नीट न लागणारे दार वळणावर उघडू शकते. त्या दाराशेजारी कोणी बसत असेल, विशेषतः मूल, तर दुरुस्ती होईपर्यंत तिथे कोणालाही बसवू नये.

ते दार उघडे ठेवून लॅचच्या बेचकीत स्क्रू ड्रायव्हरचे टोक घाला आणि स्ट्रायकर जसा आत येईल तसे तिला फिरवा. दोन ‘कट्ट’ ऐकू आले पाहिजेत आणि हँडल ओढताच चकती झटकन मूळ जागी आली पाहिजे. चकती आळसावल्यासारखी हलत असेल, किंवा अडणी खाचेत पडायला वेळ घेत असेल, तर जुने ग्रीस वाळून त्यात धूळ बसली आहे असे समजावे. आपल्याकडची तांबडी माती आणि काळे ग्रीस यांचा जो लगदा होतो, त्यापुढे लहान स्प्रिंगचे काही चालत नाही. ही तपासणी झाल्यावर हँडल ओढून चकती मोकळी केल्याखेरीज दार लावू नका. बंद चकतीवर स्ट्रायकर आदळला तर दोन्ही वाकतात.

लॅच दाराच्या कडेला बहुधा तीन स्क्रूंनी बसवलेला असतो. ते फार घट्ट असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडून ठेवा आणि स्क्रूच्या खाचेत अगदी नेमका बसणारा मोठा स्क्रू ड्रायव्हर वापरा, कारण लहान टोकाने जोर लावला की खाच गोल होते आणि मग स्क्रू ड्रिलने पोखरून काढावा लागतो. सळया सोडवताना त्यांचा मोबाइलवर फोटो घेऊन ठेवावा. कोणती सळई कोणत्या छिद्रातून आली, हे दोन तासांनी आठवत नाही. लॅच बाहेर काढून रॉकेलमध्ये भिजवा, जुन्या दातांच्या ब्रशने खाचा घासा, तो लगदा पूर्ण निघेपर्यंत रॉकेल बदला, आणि उन्हात कोरडा होऊ द्या. त्यानंतर चकतीच्या आणि अडणीच्या आसावर, तसेच त्यांच्या घासणाऱ्या कडांवर पांढरे लिथियम ग्रीस बोटाच्या टोकाने लावा. चाकाच्या बेअरिंगचे जाड ग्रीस इथे भरू नये. गंज सोडवणारा पातळ फवाराही ग्रीसच्या जागी चालत नाही, कारण तो काही दिवसांत उडून जातो आणि धातू पुन्हा कोरडा पडतो.

लॅच स्वच्छ असूनही दार आपटावे लागत असेल तर उघडे दार खालच्या कोपऱ्याला धरून हलके वर उचलून पाहा. ते बिजागरीत वर-खाली हलत असेल, तर बिजागरीची पिन झिजलेली आहे, दार खाली लटकते आहे आणि लॅच स्ट्रायकरच्या समोर येण्याऐवजी त्याच्या खाली येतो. अशा वेळी पुष्कळ ठिकाणी नुसता स्ट्रायकर खाली सरकवून गाडी परत देतात. दार काही दिवस लागते, पण त्याचा भार स्ट्रायकरवर येऊ लागतो आणि झीज वाढतच जाते. आधी बिजागरी नीट करावी. पिन आणि बुश तयार मिळाले नाहीत तर जुना नमुना घेऊन बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या टर्नरकडे जावे. रोज बेळगावला ये-जा करणाऱ्या माणसाला ही सोय हाताशी आहे आणि जुन्या गाडीसाठी तिचा उपयोग जरूर करावा. बिजागरी घट्ट असेल तरच स्ट्रायकरला हात लावावा, आणि त्याचे स्क्रू सैल करण्यापूर्वी त्याच्याभोवती पेन्सिलीने रेघ ओढून ठेवावी, म्हणजे अंदाज चुकला तर मूळ जागा सापडते. एका वेळी एक-दोन मिलिमीटरहून अधिक सरकवू नये.

परत जोडताना त्या प्लास्टिकच्या कागदाकडे विशेष लक्ष द्या. पावसाचे पाणी काचेच्या फटीतून दारात शिरणारच. ते पोकळीतून खाली उतरून दाराच्या तळाच्या छिद्रांतून बाहेर जावे, अशीच दाराची रचना असते आणि कागद ते पाणी पुठ्ठ्यापासून दूर ठेवतो. कागद फाटला की पुठ्ठा फुगतो, आणि तळाची छिद्रे चिखलाने बुजली की दारात पाणी साठून सगळे खालून गंजत जाते. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस पाहता खानापूर तालुक्यात ही छिद्रे मे महिन्याच्या अखेरीस बारीक काडीने मोकळी करणे मी अत्यावश्यक मानतो. तुमचा त्रास पावसाळ्यातच सुरू झाला, हेही विसरू नका.

पुठ्ठा लावण्याआधी दार उघडेच ठेवून, चकती हाताने बंद करून, आतल्या हँडलाने, बाहेरच्या हँडलाने, बटण दाबून आणि किल्ली फिरवून दहा-दहा वेळा तपासा. सगळे नीट चालल्यावरच दार प्रथम बंद करा.

प्रश्न : आमच्या जुन्या मोटारीचे मागचे एक दार फक्त बाहेरून उघडते. आतले हँडल कितीही ओढले तरी काही होत नाही. नातवंडे मागे बसतात, म्हणून काळजी वाटते. — एक आजोबा, निपाणी

उत्तर : आजोबा, मेकॅनिककडे जाण्यापूर्वी ते दार उघडून त्याच्या कडेला, लॅचच्या जवळपास, एक लहान खटका किंवा किल्लीच्या टोकाने फिरवायची खाच आहे का ते पाहा. बऱ्याच मोटारींच्या मागच्या दारांना मुलांसाठी असा खटका असतो आणि तो लावला की आतले हँडल मुद्दाम निकामी होते. गाडी धुताना किंवा सामान चढवताना तो नकळत सरकतो. लहान मुले मागे बसत असतील तर तो लावलेलाच बरा. पण लावला आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे, कारण अडचणीच्या वेळी ते दार बाहेरूनच उघडावे लागणार आहे.

खटका मोकळा असूनही हँडल चालत नसेल, तर आतल्या हँडलची सळई सुटली आहे आणि वर सांगितल्याप्रमाणे पुठ्ठा काढून ती जोडावी लागेल. हे काम लांबवू नका. बाहेरचे हँडलही बिघडले तर ते दार दोन्हीकडून बंद पडेल, आणि बंद दाराचा लॅच सोडवता येत नाही, कारण त्याचे स्क्रू दाराच्या कडेला, चौकटीआड दडलेले असतात. तशी वेळ आलीच तर चौकटीत पहार घालून पत्रा वाकवू देऊ नका. सीट पुढे सरकवून किंवा काढून, आतल्या बाजूने पुठ्ठा सोडवता येतो, आणि पोकळीत हात घालून लॅचचा दांडा थेट ओढला की दार उघडते. पुठ्ठ्याचे थोडे नुकसान होईल, पण दार वाचेल.

आणखी एक विचारतो : गाडीला मागाहून रिमोटचे सेंट्रल लॉकिंग बसवलेले आहे काय? असल्यास त्याची लहान मोटर बटणाच्या सळईला जोडलेली असते, आणि ती अर्ध्यावर अडकली की बटण पुरते वर येत नाही. मग लॅच धड असूनही हँडल निकामी ठरते. त्या मोटरची सळई सोडवून पाहावी. दार लगेच चालू लागले तर दोष तिचाच.

प्रश्न : माझ्या १९८७ सालच्या प्रीमियर पद्मिनीच्या दारात किल्ली जाते, पण फिरायला फार त्रास देते. दर महिन्याला शिवणयंत्राचे तेल घालतो. चार दिवस बरे चालते, मग पुन्हा तेच. नवी किल्लीही करून घेतली, ती तर अजिबात फिरत नाही. — एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : तेल घालणे आधी थांबवा. बॅरलमध्ये पितळेच्या पातळ पट्ट्या बारीक स्प्रिंगवर बसवलेल्या असतात. योग्य किल्ली आत गेली की त्या सगळ्या एका पातळीत येतात आणि बॅरल फिरतो. तेल त्या फटींत धूळ धरून ठेवते, पट्ट्या चिकटतात, नवे तेल तो चिखल चार दिवस सैल करते आणि नंतर तो अधिकच घट्ट होतो. कॅरम बोर्डावर टाकतात तशी पावडर किंवा खडूची भुकटीही घालू नये. बॅरल लवकर उडून जाणाऱ्या क्लीनरने दोन-तीनदा धुऊन, पूर्ण कोरडा झाल्यावर त्यात ग्रॅफाइटची भुकटी घालावी. ती हाताशी नसेल तर मऊ पेन्सिलीचे शिसे किल्लीच्या दोन्ही बाजूंना भरपूर घासून किल्ली वीस-पंचवीस वेळा आत-बाहेर करावी.

नवी किल्ली का फिरत नाही, याचे उत्तर तुमच्या जुन्या किल्लीत आहे. इतक्या वर्षांत तिचे दाते झिजले आहेत, आणि झिजलेल्या किल्लीवरून केलेल्या किल्लीत ती झीज तर उतरतेच, शिवाय यंत्राची थोडी चूक तिच्यात मिळते. घरात फारशी न वापरलेली दुसरी मूळ किल्ली असेल तर ती शोधा आणि नकल तिच्यावरूनच करून घ्या. नसेल तर बॅरल काढून कुलपाच्या कारागिराकडे न्यावा. तो पट्ट्यांची मापे घेऊन त्यांना जुळणारी किल्ली कापू शकतो. बॅरल काढण्यासाठीही पुठ्ठा सोडवावा लागतो. दाराच्या पत्र्याआडून एक चपटी, नालेच्या आकाराची स्प्रिंग त्याला धरून असते. ती बाजूला ओढली की तो बाहेर येतो.

तोवर पकडीने धरून किल्ली फिरवू नका. ती आत मोडली तर तुकडा काढण्यासाठी पट्ट्यांना इजा होते, आणि आज साफसफाईने चालू होण्याजोगा असलेला बॅरल तेव्हा खरोखरच बदलावा लागेल.